हाडात काय भिनलं होतं



आकाशवाणीवरून फोन आला तेव्हा मला वाटलं, कवितावाचनाचं निमंत्रण असेल. पावसाळा तोंडावर होता, आणि पावसाळ्यात आम्हा कवींना जरा मागणी असते. पण विषय निघाला माणसाची हाडं आणि सांधे. मी म्हणालो, "साहेब, मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी वाङ्मय घेऊन. हाडांचं तुम्ही डॉक्टरांना विचारा." तिकडून उत्तर आलं, "डॉक्टर बोलून झाले. आता ज्यांना हाडं आहेत त्यांच्यापैकी कुणीतरी बोलावं." यावर मला काही बोलता येईना.

एटापल्लीत आमचं सायकलचं दुकान आहे. आजोबा आलापल्लीच्या जंगलात लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनशी म्हणून आले. वडिलांनी एटापल्लीत सायकली तासावर भाड्यानं द्यायला सुरुवात केली. मी चंद्रपूरला राहून बी.ए. केलं, चार कविता घेऊन परत आलो आणि वडिलांच्या शेजारी पाना घेऊन बसलो. आता सायकली कमी झाल्या, मोटारसायकलींचे पंक्चर जास्त. पण छर्रे, वाटी, कोन, ग्रीस यांच्याशी संबंध लहानपणापासूनचा. सांधा म्हणजे काय, हे मला पुस्तकाच्या आधी दुकानानं शिकवलं.

चाकाच्या मध्यात वाटी असते, वाटीत छर्रे बसतात, छर्‍यांवर ग्रीस लावायचं, कोन फार आवळायचा नाही आणि ढिलाही ठेवायचा नाही. आवळला तर चाक जड फिरतं, ढिला राहिला तर चाक डुगडुगतं. माणसाचा खुबा थोडासा असाच आहे. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि कमरेच्या हाडात त्याच्या मापाची खोलगट वाटी असते. गोळ्यावर आणि वाटीवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. वंगण बाहेरून घालावं लागत नाही, सांध्याच्या आतलं अस्तर ते स्वतःच तयार करतं. आमच्या धंद्यात असा माल कुणी विकायला आणला तर मी त्याच्या पाया पडेन.

मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या अंगात मात्र हाडांचे तीनशेच्या आसपास तुकडे असतात. मूल वाढतं तसे ते एकमेकांना जुळत जातात. २०६ पैकी १०६ हाडं नुसती दोन हातांच्या पंजांत आणि दोन पावलांत आहेत, म्हणजे अर्ध्याहून जास्त. निसर्गानं आपल्याला मुळात हातापायांनी काम करायलाच घडवलं असावं, खुर्चीत बसायला नव्हे. सर्वात लांब हाड मांडीचं, सर्वात लहान कानातलं, रिकिबीच्या आकाराचं, जेमतेम तीन मिलिमीटर. आपल्या जुन्या वैद्यांनीही हाडं मोजली होती. सुश्रुतानं ३०० सांगितली, चरकानं ३६०. त्यांनी दात आणि कूर्चाही मोजल्या, म्हणून आकडा मोठा. मला यातला ३६० हा आकडा ओळखीचा वाटला, कारण लहानपणी मौलवीसाहेब सांगायचे की माणसाच्या अंगात ३६० सांधे आहेत आणि रोज सूर्य उगवला की प्रत्येक सांध्यापोटी एक दान द्यावं लागतं. आम्ही पोरं घाबरायचो, एवढे पैसे आणायचे कुठून? मग ते सांगायचे की दोघांचं भांडण न्यायानं मिटवणं हे दान आहे, वाटेतला काटा बाजूला करणं हे दान आहे आणि एखाद्याला त्याच्या वाहनावर चढायला हात देणं हेही दान आहे. सायकलच्या दुकानात बसणाऱ्याला हे शेवटचं फार सोयीचं. माझा हिशोब रोजच्या रोज चुकता होतो, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

आता एक गोष्ट बघा. हाडाची आणि आपली समोरासमोर भेट होते ती बहुतेक वेळा माणूस गेल्यावर. हिंदू बांधव तिसऱ्या दिवशी अस्थी वेचतात. आमच्याकडे कबर खोदताना जुनं हाड लागलं तर ते हळूच झाकून ठेवतात, कारण मेलेल्याचं हाड मोडणं हे जिवंताचं हाड मोडण्यासारखंच मानलेलं आहे. माडिया गावांच्या वेशीबाहेर मृतांच्या नावानं उभे केलेले दगड तुम्ही पाहिले असतील. मांस जातं, हाड उरतं, आणि हाडानंतर दगड.

आमच्या जिल्ह्यात तर हाडाचाच दगड झालेला आहे. सिरोंच्याच्या परिसरात, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, १९५८ ते १९६१ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी एका अवाढव्य प्राण्याची सुमारे ३०० हाडं खणून काढली. निदान सहा जनावरं असावीत. मांडीचं एक हाडच धट्ट्याकट्ट्या माणसाच्या उंचीएवढं. कवटी मात्र मिळाली नाही. १९७५ साली त्याचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोरी. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय, आणि टागोरी हे रवींद्रनाथ टागोरांच्या नावावरून, कारण त्यांची जन्मशताब्दी १९६१ साली होती. शाकाहारी डायनासोर होता तो. त्याचा सांगाडा कोलकात्याला त्या संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. एका कवीचं नाव आमच्याकडच्या हाडांना मिळालं, याचा मला उगाचच अभिमान आहे.

पण या सगळ्यामुळे आपली एक समजूत पक्की होते. हाड म्हणजे कोरडं, पांढरं, मेलेलं, घराच्या वाशासारखं. मोडलं तर दुखणार, नाहीतर त्याला काय होतंय? या समजुतीपायी मी एका पोराशी जे वागलो, ते सांगण्यासाठी मी आज इथवर आलो आहे.

२०११ सालची गोष्ट. कसनसूरच्या बाजूचा एक माडिया मुलगा एटापल्लीत मावशीकडे राहायचा. दहावीला गणितात राहिला होता. सोळा वर्षांचा असेल. दुकानात काम देता का, म्हणून विचारायला आला. नाव सांगत नाही, तो रेडिओ ऐकतो. अंगानं काटकुळा, बोलायला कमी, पण हात असा की काय सांगू! चाकाचा आउट काढणं ही आमच्या धंद्यातली खरी परीक्षा. चाक फिरवायचं, रिम कुठं डाव्या बाजूला जाते, कुठं उजव्या, ते बघून एकेक तार आवळायची, एकेक ढिली करायची. मला अजून दोनदा तपासावं लागतं. हा पोरगा तारांना बोटानं टिचकी मारून आवाजावरून सांगायचा, "चाचा, ही ढिली आहे."

पण तो दोन दिवस यायचा आणि तिसऱ्या दिवशी दांडी मारायचा. आला तरी मध्येच हात थांबायचा, भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचा. चालताना किंचित लंगडायचा. विचारलं की म्हणायचा, "चाचा, गुडघा दुखते." मी गुडघा बघितला. सूज नाही, जखम नाही, खरचटल्याची खूण नाही. "कुठं दुखतंय?" "आत दुखते. वरून काही नाही." मुलाला एका ठिकाणी दाखवलंही. त्यांनी गुडघ्याचा फोटो काढला, फोटो स्वच्छ आला, गोळ्या दिल्या. माझ्या मनात जो संशय होता त्याला आता कागदाचा आधार मिळाला. गावाकडे गेला तेव्हा पुजाऱ्यानं गुडघ्याला तापल्या लोखंडाचे डाग दिले. मी ते बघून चिडलो, अंधश्रद्धा वगैरे म्हणालो. आज वाटतं, त्या पुजाऱ्याचा उपाय चुकला खरा, पण मुलाला दुखतंय हे तरी त्यानं मान्य केलं होतं. मी तेवढंही केलं नव्हतं.

तेंदूपत्त्याच्या हंगामात दुकानात गर्दी असते. मजुरांच्या हातात पैसा येतो, जुन्या सायकली दुरुस्तीला निघतात. अशा एका दिवशी तो दुपारी चाक अर्धवट टाकून बसला. समोर चार गिऱ्हाइकं उभी. मी त्यांच्यादेखत म्हणालो, "याच्या हाडातच आळस भिनलाय." लोक हसले. वाक्य जमलं होतं ना! कवीला वाक्य जमलं की कुणाला लागलं हे बघायची सवय नसते. तो हसला नाही. उठला आणि चाक पुरं केलं.

त्या वर्षी जुलैत झड लागली. मुलगा भिजत आला आणि तासाभरात दुकानात आडवा झाला. पाठ, छाती, मांड्या, सगळीकडे दुखत होतं. दात आवळून पडलेला, डोळे पिवळे. जीपनं आलापल्लीकडे निघालो. रस्त्यात गाडी खड्ड्यातून गेली की त्याच्या तोंडून जो आवाज निघायचा तो मी अजून विसरलेलो नाही. पुढे ज्या दवाखान्यात पोहोचलो तिथे एक तरुण डॉक्टर होता. आधी त्यानं सलाइन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी मुलगा जरा बोलू लागल्यावर त्याला उताणं झोपवलं, दुखरा पाय गुडघ्यात वाकवला आणि पाऊल बाहेर नेत मांडी हळूच आत फिरवली. मुलगा ओरडला. डॉक्टर म्हणाला, "दुखणं खुब्याचं आहे. गुडघ्यात फक्त ऐकू येतंय."

मी चटकन समजलो, आणि समजलो म्हणूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण हे मला ठाऊक असायला हवं होतं. सायकल कुरकुरते, गिऱ्हाईक म्हणतं पायडलमधून आवाज येतोय. पायडल उघडून बघावं तर ठणठणीत. आवाज असतो सीटच्या दांडीचा, पण नळीतून खाली उतरतो. नव्या कारागिराला आम्ही पहिली गोष्ट हीच सांगतो की आवाज जिथे येतो तिथे बघू नकोस, जिथून येतो तिथे बघ. खुबा आणि गुडघा यांना जाणारे मज्जातंतू काही प्रमाणात एकच असतात, म्हणून खुब्याची कळ मांडीतून गुडघ्यात उतरते. सगळ्यांनी गुडघा बघितला, गुडघा चोळला, गुडघ्याला डाग दिले. वर खुब्यातला गोळा मरत होता.

मरत होता हा डॉक्टरचाच शब्द. खुब्याचा फोटो काढला तेव्हा त्यानं तो खिडकीसमोर धरून मला दाखवला. उजव्या बाजूचा गोळा गोल, डाव्या बाजूचा वरून चपटा, झिजलेल्या छर्‍यासारखा. मी विचारलं, "हाड मरतं म्हणजे?" तो म्हणाला, "जिवंत असतं म्हणून मरतं." मग त्यानं औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढून सांगितलं, ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगतो.

हाड वाशासारखं नाही. त्याच्यात रक्तवाहिन्या आहेत, नसा आहेत, पेशी आहेत. काही पेशी जुनं हाड पोखरून काढतात, काही नवं रचतात. गवंडी आणि पाथरवट एकाच घरात बारा महिने कामाला, असा प्रकार. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा दहावा हिस्सा साधारण वर्षभरात नवा होतो. मोडलेलं हाड जुळतं ते याच कारागिरांमुळे. प्लास्टर नुसतं हलू देत नाही, जोडायचं काम हाड आपलं आपण करतं.

आणि हाडाच्या पोटात तांबडी मज्जा असते. तिथे रक्त तयार होतं. रक्त काळजात तयार होतं असं मला पन्नाशी जवळ येईपर्यंत वाटत होतं, आणि मी त्यावर कविताही केल्या आहेत. खरं तर मणके, बरगड्या, छातीचं हाड, कमरेचं हाड, मांडीच्या हाडाचं वरचं टोक, या कारखान्यांत रोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी बनतात. चांगली तांबडी पेशी वाटोळी आणि लवचीक असते, केसाहून बारीक रक्तवाहिनीतून अंग चोरून निघून जाते आणि १२० दिवस जगते.

त्या मुलाच्या रक्तात सिकलसेल निघाला. आपल्या भागात हा शब्द आता सगळ्यांनी ऐकला आहे, पण बरेच लोक त्याला नुसतं 'रक्त कमी असणं' समजतात. सिकल म्हणजे विळा. हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच मणी बदललेला असतो. सहाव्या जागी जो घटक हवा त्याऐवजी दुसराच बसलेला. एवढ्याशा फरकानं, प्राणवायू कमी पडला की, पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते. अशा पेशी दहा-वीस दिवसांतच संपतात, म्हणून अंगात रक्त कमी, डोळे पिवळे. आणि त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. विळे एकात एक अडकावेत तशा. जिथे अडकतात तिथून पुढे रक्त जात नाही. हाडाच्या आत असं झालं की आतली मज्जा रक्तावाचून तडफडते. हाडाला बाहेरून कवच, आत फुगायला जागा नाही. ती कळ म्हणजे काय, हे ज्याला झालं त्यालाच ठाऊक. बाहेरून मात्र काही दिसत नाही.

खुब्याच्या गोळ्याची अडचण आणखी मोठी. त्याला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक, हाडाच्या मानेला लगटून वर जाणाऱ्या. त्या तुंबल्या की वरचा गोळा उपाशी मरतो. मेलेलं हाड अंगाच्या वजनाखाली हळूहळू खचतं. एकदा चपटा झालेला गोळा परत गोल होत नाही. लवकर कळलं असतं तर पायावरचं वजन कमी करून, औषध देऊन कदाचित काही वाचवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाला. "कदाचित" त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं. तो माणूस दयाळू होता.

गावाहून मुलाची आई आली. तिला मराठी येत नाही, मुलगाच मध्ये बोलत होता. डॉक्टरनं विचारलं, लहानपणी याचे हातपाय सुजले होते का? ती एकदम बोलू लागली. वर्षाचाही नव्हता तेव्हा दोन्ही हातांची बोटं आणि पावलं फुगली होती, पोर दिवसरात्र रडायचं, कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं थंडी. तान्ह्या बाळाच्या बोटांच्या हाडांतही तांबडी मज्जा असते, म्हणून या आजाराची पहिली खूण पुष्कळदा तिथेच दिसते. सोळा वर्षं त्या बाईच्या मनात ही गोष्ट पडून होती, आणि तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

हा आजार आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असले, म्हणजे दोघांच्याही रक्तात एकेक वाकडा गुण असला, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मूल आजारी होण्याची, चारात दोन ते नुसतं वाहक होण्याची, आणि चारात एक ते अगदी मोकळं असण्याची. वाहक माणूस ठणठणीत असतो, म्हणून त्याला पत्ताच नसतो. विळ्यासारख्या पेशी पहिल्यांदा लिहून ठेवल्या शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी, १९१० साली. त्यांचा रुग्ण वेस्ट इंडीजमधला, दंतवैद्यकीचा विद्यार्थी होता. आपल्याकडे नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या लोकांत हा दोष असल्याचं १९५८ मध्ये जगापुढे मांडलं. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून ही गोष्ट माहीत होती. एटापल्लीच्या सायकलच्या दुकानापर्यंत यायला तिला पन्नास वर्षांहून जास्त लागली.

तो आमच्याच भागात एवढा का, याचं उत्तर मला फार विचार करायला लावतं. जिथे मलेरिया जोरात, तिथे हा गुण टिकला. वाहकाला जिवावर बेतणारा मलेरिया होण्याची भीती कमी असते, हे आफ्रिकेत १९५४ मध्ये दाखवून दिलं गेलं. म्हणजे जंगलात ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या पोरं वाचवली, त्याचीच किंमत काही पोरं हाडांनी मोजत आली. आणि हा काही नुसता आदिवासींचा आजार नव्हे. विदर्भात इतरही कितीतरी समाजांत आहे. डॉक्टरनं मला विचारलं, "तुम्ही तपासलंय का?" मी म्हणालो, "आमच्यात नसतो." तो म्हणाला, "रक्त जात विचारत नाही." मी तपासून घेतलं, नव्हता. पण 'आमच्यात नसतो' हे वाक्य मी नंतर एटापल्लीत प्रत्येक समाजाच्या तोंडून ऐकलं आहे.

१ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा प्रश्न संपवायचा, असा तिचा संकल्प आहे. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकात बदल करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्या मज्जेतल्या पेशी बाहेर काढून, दुरुस्त करून परत घालायच्या. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. मी हा आकडा दुकानात वाचून दाखवला तर मुलगा म्हणाला, "चाचा, एवढ्यात सायकली किती येतील?" आम्ही हिशोब करायला बसलो आणि मध्येच सोडून दिला.

स्वस्तातली गोष्ट मात्र आहे. हायड्रॉक्सियुरिया नावाची कॅप्सूल डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतली की कळा येण्याचं प्रमाण बऱ्याच जणांत कमी होतं. पाणी भरपूर प्यायचं, उन्हात फार राबायचं नाही, गारठ्यात भिजायचं नाही, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. ऐकायला सोपं आहे. पण मे महिन्यात पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पानं तोडायची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, आणि त्यावर वर्षाची मीठमिरची अवलंबून, तिथे 'उन्हात राबू नका' हा सल्ला कुणाला द्यायचा? रोवणीला बायका दिवस दिवस चिखलात वाकून असतात. त्यांच्या पाठीचं दुखणंही असंच, कुणी न विचारलेलं. धानोऱ्याकडच्या शोधग्रामात बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेत मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी येऊन शिबिरं घेऊ लागले, तेव्हा कुठे आमच्याकडच्या बायका 'पाठ दुखते' हे डॉक्टरांना सांगण्याजोगं दुखणं मानू लागल्या.

मला इथे बाबा आमटे आठवतात. वरोऱ्याच्या आनंदवनात ज्यांनी त्यांना पाहिलं, त्यांनी एकतर उभं पाहिलं किंवा आडवं. मणके इतके झिजले होते की त्यांना बसता येत नसे. १९८५ साली कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडोच्या प्रवासात ते गाडीत झोपूनच जात. आपण सगळ्यांनी त्या कण्यापुढे मान लवविली, आणि ते योग्यच होतं. पण त्यांचं दुखणं खरं की खोटं, असा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही. माझ्या दुकानातल्या पोराला मात्र ते सिद्ध करायला खुबा चपटा व्हावा लागला.

मी त्याची माफी मागितली का, असं तुम्ही विचाराल. दवाखान्यातून परत आल्यावर एका संध्याकाळी मी म्हणालो, "अरे, मी तुला त्या दिवशी हाडात आळस भिनला म्हणालो." तो म्हणाला, "भिनलं तर होतंच ना चाचा, काहीतरी." एवढंच. माडिया माणूस फार बोलत नाही, आणि मी तेव्हा पहिल्यांदा गप्प बसलो.

दुकानात त्याच्यासाठी एक उंच स्टूल करून घेतलं, म्हणजे उकिडवं बसावं लागू नये. चाक लावायचा चिमटा भिंतीला छातीच्या उंचीवर ठोकला. वजन उचलायचं काम माझं, कान लावायचं काम त्याचं. डॉक्टरनं त्याला एक पद्धत शिकवली होती. दुखणं शून्य ते दहा या आकड्यांत सांगायचं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. मग मी रोज सकाळी कुलूप उघडताना विचारायचो, "आज किती?" तो बोटं दाखवायचा. चार असले तर काम, सहा असले तर बसून राहणं, आठ असले तर दवाखाना. दिसत नाही म्हणून नाही, असा प्रश्नच उरला नाही.

आता तो तिशीत आहे. गावाकडे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलंय, सायकल, मोटारसायकल दोन्ही. खुब्याचं ऑपरेशन करून धातूचा गोळा बसवता येतो, पण तो जन्मभर पुरत नाही, म्हणून जितकं लांबवता येईल तितकं लांबवायचं ठरलं आहे. काठी घेऊन चालतो. लग्न ठरवताना मुलीकडच्यांना आधी सगळं सांगितलं. पहिल्या ठिकाणी नकार आला. दुसऱ्या ठिकाणी मुलीनं स्वतः जाऊन रक्त तपासून घेतलं, ती मोकळी निघाली. अशा जोडप्याची मुलं वाहक होतात, आजारी होत नाहीत. त्याला एक मुलगी आहे. तिची तपासणी जन्मल्याबरोबर झाली. ती वाहक आहे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि ती मोठी झाल्यावर तिलाही सांगायचं आहे.

गेल्या आठवड्यात तो सामान घ्यायला एटापल्लीला आला होता. उंच स्टूल अजून तिथंच आहे, त्याच्यावर बसला. माझ्यापुढे एक चाक होतं, तासभर आउट निघत नव्हता. मी विचारलं, "आज किती?" त्यानं दोन बोटं दाखवली, चाक माझ्या हातातून घेतलं आणि तारांना टिचकी मारायला लागला.